चेष्टा करणारे वाचक पाहिजेत

नवा मध्य प्रदेश झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी, संक्रांत उरकल्यावर, बऱ्हाणपूरच्या एका मराठी वाचनालयाने हस्तपत्रक छापले. एका नव्या कादंबरीसाठी गावातून उत्साही वाचक मिळवावेत, त्यांनी ती वाचावी आणि इतरांना वाचायला लावावी, एवढाच पत्रकाचा हेतू होता. त्यातला एक शब्द चुकला. तो छापून वाटला गेला तेव्हा कोणाच्या लक्षात आला नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या लक्षात आला.

मी तेव्हा एका मराठी दैनिकाचा बऱ्हाणपूरचा वार्ताहर होतो. केळीचे भाव, तापीचे पाणी, गिरणीतली कुरबुर, असीरगडावर येऊन गेलेले पाहुणे, एवढ्यावर माझा महिना निघे. वाचनालयाच्या कार्यकारिणीत मला घेतले होते, कारण माझ्याकडे येणारा पेपर दुसऱ्या दिवशी वाचनालयाला फुकट मिळे.

कादंबरी गावातल्याच एका शिक्षिकेची होती. त्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवत. गावात त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत आणि तेवढ्यावर ओळख पुरी होई. उन्हाळ्याच्या सुट्यांत त्यांनी ती लिहिली होती. कथा साधी होती. बऱ्हाणपूरच्या कापडवाल्याच्या घरची मुलगी जवळच्या फोपनार गावी केळीवाल्यांच्या घरात पडते. नवरा चष्मा लावणारा, पुस्तके वाचणारा, बागेत फारसा न रमणारा. सासू कडक. शेवटी सगळे ठीक होते. पुण्याच्या एका प्रकाशकाने ती स्वीकारली, छापली आणि मग विसरला.

विसरला हे आम्हाला कळले ते प्रकाशकाचा माणूस दौऱ्यावर आला तेव्हा. तो पत्र्याची पेटी घेऊन भुसावळपासून पुढे गावोगावच्या शाळा आणि वाचनालये करी. संध्याकाळी तो वाचनालयात आला. बाई होत्या, वाचनालयाचे चिटणीस होते, मी होतो.

“बाई, स्पष्ट सांगतो,” तो म्हणाला. “पुस्तक वाईट नाही. चांगलं किती आहे ते कोणाला माहीत नाही, कारण कोणी वाचलेलंच नाही.”

“पुण्यात?”

“पुण्यात विचारतात, बऱ्हाणपूर खानदेशात येतं की निजामात?”

“मग तुम्ही काय सांगता?”

“मी सांगतो, मोठं स्टेशन आहे. मेल थांबते.”

मग त्याने गोदामाची हकीकत सांगितली. छापलेले कागद घडी घालून, न शिवता, गठ्ठ्यांनी ठेवतात. त्यांना फर्मे म्हणतात. एका फर्म्यात सोळा पाने. मागणी येईल तसे थोडे थोडे फर्मे बांधणीला जातात आणि तेव्हा त्यांचे पुस्तक होते. बाईंच्या कादंबरीच्या थोड्याच प्रती बांधल्या होत्या. बाकी सगळी कादंबरी घड्या घालून गोदामात पडली होती, आणि मालकांना ती जागा हवी होती.

“अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे तुमच्या आखाजीपर्यंत वाट बघणार आहेत,” तो म्हणाला. “मागणी आली तर बांधणी. नाही आली तर...” त्याने हात वर-खाली करून तराजूची खूण केली.

“रद्दी,” बाई म्हणाल्या.

“मी तो शब्द वापरला नाही.”

“म्हणजे माझी नायिका जिऱ्याच्या पुडीला जाणार.”

“पुण्यात कागद मोठा वापरतात, बाई. डाळीला जाईल.”

बाई हसल्या. त्यांची दुसरी कादंबरी अर्धी लिहून झाली होती. पहिली तराजूत गेली तर दुसरी कोणी हातात धरणार नाही हे त्यांना ठाऊक होते, आम्हालाही होते. तो माणूस गेल्यावर बाई बराच वेळ पेपर वाचत बसल्या. पेपर उलटा धरला होता असे चिटणीस पुढे सांगत. मी ते पाहिलेले नाही.

जाता जाता प्रकाशकाच्या माणसाने एक सल्ला दिला होता. जाहिरात नको, सत्कार नको, भाषण तर मुळीच नको. गावातली बोलकी माणसे पकडा. ज्यांना पुस्तक वाचल्यावर गप्प बसवत नाही अशी. बाईमाणसे धरा, दुकानदार धरा, स्टेशनवर बसणारे धरा. पुस्तक तोंडाने विकले जाते. कार्यकारिणीला सल्ला पटला. पत्रक काढायचे ठरले आणि मसुदा चिटणिसांकडे गेला.

चिटणीस मूळचे अकोल्याकडचे. राज्यांची वाटणी झाली तेव्हा सरकारी नोकरांचीही झाली. वऱ्हाड तिकडे गेले आणि हे आपल्या टेबलासह इकडे राहिले. कचेरीत सगळा कारभार हिंदीत सुरू झाला होता. चिटणीस मनापासून हिंदी शिकत होते. त्यांचे नवे साहेब उत्तरेकडचे. त्यांच्या प्रत्येक शेऱ्यात एक शब्द हटकून असे: ‘शीघ्र निपटाने की चेष्टा करें.’ चिटणीस तो शब्द दिवसातून इतक्या वेळा वाचत, लिहीत आणि नक्कल करीत की ‘प्रयत्न’ हा शब्द त्यांच्या हातातून गेला होता. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी हिंदीच होता. त्याला पत्रकात खटकण्यासारखे काही दिसले नाही. मुद्रिते चिटणिसांनी स्वतः तपासली आणि एक काना वाढवला. मी त्या दिवशी धूलकोटला बाजाराची बातमी आणायला गेलो होतो.

पत्रकात असे होते:

‘सूचना. आपल्या गावच्या लेखिकेच्या नव्या कादंबरीची प्रसिद्धी व्हावी म्हणून मनापासून चेष्टा करणारे उत्साही वाचक पाहिजेत. स्त्री-पुरुष दोघांनीही यावे. पूर्वानुभवाची गरज नाही. येत्या रविवारी दुपारी, वाचनालयात.’

पत्रके शनवाऱ्याच्या चौकात वाटली, भाजीबाजारात वाटली, स्टेशनवर मालगाडीच्या वाघिणींत केळी भरत होते तिथेही दिली. संध्याकाळपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता. कचेरीतली हिंदी मंडळी आणि हिंदी शाळेतले मास्तर यांनी पत्रक वाचले आणि चांगला उपक्रम म्हणून खिशात ठेवले. मराठी घरांत ते मोठ्याने वाचले गेले. एका वकिलांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, “चेष्टा मनापासूनच करायची का? वरवरची चालणार नाही?”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई वाचनालयात आल्या. पत्रक हातात होते.

“चिटणीससाहेब, हे काय आहे?”

“पत्रक आहे, बाई. कमी पडली. आणखी छापायला सांगितली आहेत.”

“माझी चेष्टा करायला माणसं बोलावलीत?”

“होय. मनापासून करणारीच बोलावली. आळशी नको म्हटलं.”

बाईंनी पत्रक टेबलावर ठेवले आणि त्या शब्दावर बोट ठेवले. चिटणिसांनी बघितले. आधी ते म्हणाले, “शुद्ध आहे.” मग त्यांनी पुन्हा बघितले. मग खुर्चीत बसले.

“बाई, चेष्टा म्हणजे...”

“चेष्टा म्हणजे काय ते मला माहीत आहे. वर्गात रोज मागच्या बाकावर चालते.”

“हिंदीत चेष्टा म्हणजे खटपट. प्रयास.”

“आणि कादंबरी कशात आहे?”

“मराठीत,” चिटणीस म्हणाले. त्यांनी दुसरे, सुधारलेले पत्रक काढायची तयारी दाखवली. मी सांगितले की आता सुधारले तर चूक झाली हे उरलेल्यांनाही कळेल. सभा रद्द करावी असे चिटणिसांचे मत पडले.

“किती माणसं येतील?” बाईंनी विचारले.

“साधी सभा असती तर तुम्ही, मी आणि हे पेपरवाले,” चिटणीस म्हणाले. “आता सांगता येत नाही.”

“मग होऊ द्या,” बाई म्हणाल्या.

रविवारी वाचनालयाची खोली भरली, ओसरी भरली, पायऱ्यांवर माणसे बसली. शेजारच्या हलवायाने ती गर्दी पाहून माव्याची जिलबी तळायला घेतली. हिंदी शाळेचे एक मास्तर सगळ्यांत आधी आले. त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, “बहनजी, मैं तो पूरी चेष्टा करूँगा. घर से भी दो लोग करेंगे.” बाईंनी आभार मानले.

चिटणिसांनी प्रास्ताविकात भाषाभेदावर बोलायला सुरुवात केली. कोणी ऐकले नाही. वकील उभे राहिले. त्यांनी कादंबरीची प्रत हातात घेतली, मुखपृष्ठावरची केळीची पाने दाखवली आणि म्हणाले, “ही केळ आहे की मोर आहे, इथून सुरुवात करू या.” हशा झाला. मागच्या रांगेतून बाईंचा आवाज आला.

“पुस्तक वाचलंत का?”

“अजून नाही.”

“मग खाली बसा.”

वकील बसले. त्यांच्या दोन्ही बहिणी बाईंच्या वर्गातून गेल्या होत्या. खोलीतल्या बहुतेकांचे कोणी ना कोणी त्या वर्गातून गेले होते, त्यामुळे उरलेलेही नीट बसले. बाई पुढे आल्या. त्यांनी सांगितले की पत्रकात लिहिले आहे त्याप्रमाणे चेष्टा होईल. पण आधी वाचायचे. ज्याने अखेरपर्यंत वाचले असेल त्यालाच तोंड उघडता येईल. मधली पाने गाळणाऱ्याला ओळखण्याची कला आपल्याला अवगत आहे, असेही त्यांनी सांगितले.

वाचनालयाकडे मोजक्याच प्रती होत्या. त्या तिथल्या तिथे गेल्या. कापडवाल्या काकूंनी एक घेतली. शनवाऱ्याजवळ त्यांच्या घरचे लुगड्यांचे दुकान होते आणि दुपारी त्या स्वतः गादीवर बसत. एक प्रत फोपनारच्या भाऊंनी घेतली. हे मोठे बागाईतदार. आवाज दणदणीत, गावच्या नाटकात राजाचे काम नेहमी त्यांच्याकडे. स्टेशनवर वाघीण भरताना त्यांना पत्रक मिळाले होते आणि फोपनारवर कादंबरी लिहिली आहे हे त्यांना त्या दिवशीच कळले.

“बाई, आमच्या गावाचं लिवलं अन् आमालेच मालूम नाही?” ते म्हणाले.

“वाचा म्हणजे मालूम होईल,” बाई म्हणाल्या.

मी या सभेची बातमी पाठवली. पत्रकातला शब्द अवतरण चिन्हांत घालून, जसाच्या तसा दिला. छापून आले ते असे: ‘बऱ्हाणपूर येथे नव्या कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी प्रयत्न करणाऱ्या वाचकांची सभा उत्साहात पार पडली.’ मुख्य कचेरीतल्या उपसंपादकाने चूक दुरुस्त केली होती. त्यामुळे बऱ्हाणपूरच्या बाहेर कोणाला काही कळले नाही.

पुढच्या काही दिवसांत वाचनालयात विचारणा वाढली. प्रती बाहेर होत्या. चिटणिसांनी फळ्यावर ‘पुस्तक शिल्लक नाही’ असे लिहिले. असे लिहिण्याची त्यांच्या कारकिर्दीतली ती पहिली वेळ होती आणि त्यांनी अक्षर चांगले काढले होते. काकूंच्या दुकानात लुगडी बघायला आलेल्या बायका नायिकेची चौकशी करीत. काकू गोष्ट अर्धी सांगत आणि मग कापडाची घडी मोडत. फोपनारहून निरोप आला की पुस्तक परत यायला वेळ लागेल. रोज दुपारी बागेत मोठ्याने वाचन होते आणि काल ज्यांचे ऐकायचे राहिले ते आज पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावतात.

चेष्टेची सभा माघ संपता संपता झाली. बाई या वेळी पुढच्या रांगेत बसल्या. हातात काही नव्हते, तरी बोलणाऱ्यांना त्यांच्या हातात लाल पेन्सिल असल्यासारखे वाटत होते असे दोघांनी मला सांगितले.

वकिलांनी नायकाचा चष्मा घेतला. सासू रागावली की नायक चष्मा पुसतो. बायको रडली की पुसतो. केळीवर रोग पडतो तेव्हाही आधी चष्मा पुसतो. “एवढा पुसल्यावर त्याला बायको इतकी उशिरा कशी दिसली, हे बाईंनी सांगावं,” वकील म्हणाले.

“पुसणाऱ्यालाच उशिरा दिसते,” काकू मागून म्हणाल्या. “आमच्याकडचेही पुसतात.” काकूंचे यजमान सभेत होते. त्यांनी चष्मा काढला होता, तो त्यांनी तसाच पुन्हा घातला.

हिंदी मास्तरांनी आपल्या बाजूने पूर्ण चेष्टा केल्याचे निवेदन दिले. त्यांनी एक प्रत खांडव्याच्या पाहुण्यांकडे पाठवली होती. सभेत टाळ्या झाल्या. टाळ्यांबरोबर हशा का झाला हे त्यांनी शेजाऱ्याला विचारले, शेजाऱ्याने सांगितले, आणि मग सगळ्यांत जास्त वेळ तेच हसले.

मग फोपनारचे भाऊ उठले. त्यांनी पुस्तक उघडले, घसा साफ केला आणि राजाच्या आवाजात वाचले: “‘अहो, बागेस पाणी देण्याची वेळ टळून जात आहे. आपण त्वरित उठावे.’” त्यांनी पुस्तक मिटले.

“बाई, ही आमच्या गावची बाई सकायच्या पारी आपल्या नवऱ्याले बोलून राहिली. हे वाक्य सरेपावतर पानी पाटातून निघून तापीत जाऊन पडीन.”

खोली हसत राहिली. भाऊंनी हात वर केला. “आमच्या फोपनारात कोनी असं बोललं ना, तं त्याले आधी बसवतीन, मंग डागदर बोलावतीन.”

“मग कसं बोलतील?” बाईंनी विचारले.

“काय बोलतीन? ‘उठा ना, पानी आलं.’ खलास.”

“मला काय ते येत नाही?” बाई म्हणाल्या. “माझी आत्या फोपनारलाच दिली होती. उन्हाळे मी तिकडेच काढले. पण भाऊ, वर्गात पोरींनी ‘पानी’ लिहिलं की मी खोडते. जे वर्गात खोडायचं तेच पुस्तकात लिहू?”

“वर्गात खोडा. बागीत नका खोडू.”

बाईंनी भाऊंकडून पुस्तक मागून घेतले आणि तेच पान दोनदा वाचले.

भाऊ खाली बसत नव्हते. त्यांनी फोपनारची सगळी माणसे एकामागून एक उभी केली. आधी पुस्तकातले बोलणे, मग खरे बोलणे. त्या दोन्हींमध्ये हशा. सासूच्या आजारपणाचे प्रकरण आले तेव्हा काकू उठल्या. तिथे सून तापलेल्या सासूच्या तोंडाला पेला लावते आणि सासू प्रथमच तिला नावाने हाक मारते.

“इथं नाही,” काकू म्हणाल्या. “बाकी किती हसायचं ते हसा. या पानावर कोणी हसलं तर माझ्याकडची प्रत मी वाचनालयाला परत देणार नाही.”

“काकू, इथं मी बी हसलो नाही,” भाऊ म्हणाले. “पन सासू ‘मजला किंचित बरे वाटते’ म्हनते, ते मी वाचताना बदलवलं. बागीत बाया रडू राहिल्या होत्या. ‘किंचित’ म्हटलं असतं तं हसल्या असत्या.”

“तुम्ही काय म्हणालात?” बाईंनी विचारले.

“‘आता जरा बरं वाटू राहिलं मले.’”

सभा दिवेलागणीला संपली. चिटणिसांनी पुण्याला मागणी कळवली. ज्यांनी चेष्टा केली त्यांना पुरावा म्हणून प्रत हवी होती. ज्यांना काकूंची बाजू पटली त्यांना काकूंची प्रत मिळत नव्हती, म्हणून त्यांनाही हवी होती. फोपनारहून वेगळी मागणी आली. खांडव्याहूनही थोडी आली.

चैत्रात प्रकाशकाचा माणूस पुन्हा आला. पेटी उघडण्याआधीच त्याने विचारले, “तुम्ही जाहिरात केली तरी काय?”

चिटणिसांनी पत्रक पुढे ठेवले. त्याने वाचले. पुन्हा वाचले.

“ही युक्ती कोणाची?”

“कचेरीची भाषा आहे,” चिटणीस म्हणाले.

“हे मी जळगावला वापरू?”

“जळगावला चालणार नाही,” मी सांगितले. “तिकडे कचेऱ्या मराठीत आहेत.”

त्याने मालकांचा निरोप सांगितला. फर्मे बांधणीला काढायला मालक तयार होते. बाईंच्या दुसऱ्या कादंबरीचीही त्याने चौकशी केली. आम्ही बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, “बांधणी थांबवा.”

चिटणीस खुर्चीतून अर्धे उठले.

“फोपनारच्या माणसांची बोलणी बदलायची आहेत,” बाई म्हणाल्या. “ती जवळजवळ सगळी दोन फर्म्यांत आहेत. ते दोन टाकून द्या आणि पुन्हा छापा. बाकीचे तसेच राहू द्या.”

“बाई, दोन महिन्यांपूर्वी तुम्ही जिऱ्याच्या पुडीवर बोलत होता.”

“होते.”

“आता तुम्ही स्वतःच दोन फर्मे वाण्याला देताय. आखाजीच्या आत पुन्हा जुळणी, पुन्हा छपाई होणार नाही. थांबलं की मालकांचं मन बदलतं. मी त्यांच्याकडे बरीच वर्षं आहे.”

भाऊ त्या दिवशी स्टेशनवरून परस्पर आले होते. ते ओसरीवर बसून ऐकत होते. “बाई, नका बदलवू,” ते म्हणाले. “लोकायले तेच पायजे. मी सगळ्यायले सांगून ठेवलं, ‘त्वरित उठावे’ वाचा. आता पुस्तकात ते नसलं तं मी खोटा पडीन.”

“तुम्हीच म्हणालात ना, असं कोणी बोलत नाही?”

“म्हनलो. मंग? चुकलं ते बी राहू द्या, बरोबर ते बी राहू द्या.”

“दोन्ही कसं राहील?” बाईंनी विचारले.

“शुद्धिपत्र जोडा,” प्रकाशकाचा माणूस म्हणाला. तो वैतागून म्हणाला होता. त्याचा विचार होता की यावर सगळे हसतील आणि विषय संपेल. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, “ते बांधणी झाल्यावर चिकटवता येतं ना?”

“येतं.”

“मग बांधा.”

शुद्धिपत्र बाई आणि भाऊ यांनी मिळून केले. ते वाचनालयात, दुपारच्या वेळी, काकूंच्या देखत झाले. काम सोपे गेले नाही. डावीकडे ‘अशुद्ध’, उजवीकडे ‘शुद्ध’, हे मथळे ठरलेले. डावीकडे पुस्तकातली वाक्ये, उजवीकडे फोपनारची. पण ‘पानी’ लिहिताना बाईंचा हात थांबे. भाऊ त्यांना एकदा सांगत, दुसऱ्यांदा सांगत, तिसऱ्यांदा नुसते वाक्य म्हणून दाखवत. ‘राहिलं’ की ‘रायलं’ यावर एक दुपार गेली. काकूंचे म्हणणे पडले की नायिका बऱ्हाणपूरची आहे, तिने लग्नानंतर लगेच फोपनारचे बोलू नये, निदान दिवाळसण होईपर्यंत थांबावे. ते मान्य झाले. नायकाला मात्र दोघांनीही पुस्तकी भाषेतच ठेवले. चष्मा लावणाऱ्याचे तसेच असते, असे भाऊंचे मत होते आणि काकूंनी त्याला दुजोरा दिला.

मजकूर त्याच छापखान्यात गेला. जुळारी आता सावध झाला होता. हिंदी असला तरी बऱ्हाणपुरात राहून त्याला मराठी कळे. मागच्या खेपेचा गोंधळ त्याच्या कानावर आला होता आणि तो पुन्हा होऊ द्यायचा नाही असे त्याने ठरवले होते. त्याला दिसले की ‘अशुद्ध’ खाली शुद्ध वाक्ये आहेत आणि ‘शुद्ध’ खाली अशुद्ध. त्याने दोन्ही मथळ्यांची अदलाबदल केली आणि मुद्रिते काढली.

मुद्रिते चिटणिसांकडे द्यायची नाहीत असा कार्यकारिणीचा ठराव झाला होता. ती भाऊंनी तपासली. ते छापखान्यात उभे राहून मोठ्याने वाचत होते, त्यामुळे काय झाले ते रस्त्यावरही कळले.

“काहो, हे उलटं कायले केलं?”

“उलटा था, सीधा किया,” जुळारी म्हणाला.

“सीधाच होता. तो पुन्हा उलटा कर.”

“भाऊ, ‘पानी आलं’ शुद्ध है?”

“फोपनारमंदी शुद्ध हाये.”

“और बाई क्या कहती हैं?”

बाई दारात होत्या. “भाऊ सांगतात तसं करा,” त्या म्हणाल्या.

मथळे पुन्हा जागेवर गेले. बांधलेल्या पुस्तकांचे गठ्ठे आखाजीच्या आधी स्टेशनवर उतरले आणि टांग्याने गावात आले. प्रती वाचनालयाच्या सतरंजीवर मांडल्या. चिटणिसांनी घरून खळ करून आणली. काकूंनी शुद्धिपत्रे घडी करून दिली आणि वकिलांनी ती एकेका प्रतीच्या शेवटच्या पानाला चिकटवली. फोपनारच्या प्रती भाऊ बैलगाडीने घेऊन गेले. पुण्यातच ठेवायच्या प्रतींसाठी शुद्धिपत्रांचा वेगळा गठ्ठा बुकपोस्टाने पाठवला.

आखाजीला गोदामात एकही फर्मा सुटा राहिला नव्हता, असे प्रकाशकाच्या माणसाने कळवले. पुण्यात वाचक शुद्धिपत्रे वेगळीही मागू लागले, ती कमी पडली आणि प्रकाशकांनी आणखी मागवली. ती त्याच आठवड्यात छापून पाठवली.